एकोणिसावं नाव

"एक नाव कमी करून दाखवा. फक्त एक. मग हेडमास्तर, तुम्ही हायेत आन् मी हाय," असं आमचे अध्यक्ष ओरडत होते. त्या आवाजानं शाळेच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली ती थेट उदगीरच्या किल्ल्यावर जाऊन बसली, असं मी पुढं बरीच वर्षं सांगत आलो. कबुतरं उडाली एवढं खरं. उदगीर तिथून एसटीनं तासाभरावर होतं.

समोर हेडमास्तर उभे होते. शिक्षण संस्थेच्या कार्यकारी मंडळाच्या सभेत हेडमास्तरांना खुर्ची असते, नियमानंच असते. पण आमच्याकडं संचालक नऊ आणि खुर्च्या सात. त्यातल्या एकीला तीन पाय, तिच्यावर आम्ही विरोधी मताच्या माणसाला बसवत असू. हेडमास्तर उभेच असत. त्यांना बसलेलं बघायची आम्हाला सवय नव्हती, आणि त्याला खुर्च्यांचा तुटवडा एवढंच कारण नव्हतं, हे आता लिहायला हरकत नाही. ते उमरीकडचे. बाप दुसऱ्याच्या रानात राबलेला, हे घराण्यातले पहिले पदवीधर. त्यांच्या खोलीत एक पांढरी बुद्धमूर्ती, एक चटई आणि छतापर्यंत पुस्तकं. आवाज बारीक. पण तो बारीक आवाज गावाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जायचा, आणि इथं मी काही वाढवून सांगत नाही.

"मालक," ते म्हणाले, "जी पोरं कारखान्याला गेली ती गेली. पटावर किती दिवस ठेवायची?"

"येतील की परत."

"आली की पुन्हा घालतो नावं."

"आन् तवर तपासणी आली तर? पट भरला न्हाई तर आठवी बंद करतेत. मग आठवी काय तुमच्या खोलीत भरवता?"

अध्यक्षांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. आठवीचा वर्ग आम्हाला नवस केल्यासारखा मिळाला होता. त्याआधी सातवी झाली की मुलगे उदगीरला जात आणि मुली चुलीपाशी. वर्ग गेला असता तर मुलींचं शिक्षण पुन्हा सातवीला थांबलं असतं, हे हेडमास्तरांना आमच्याहून जास्त कळत होतं. त्यांना फक्त हजेरीपटात खोटं लिहायचं नव्हतं.

आणि साल तसलं. आमच्या तळ्यातले मासे त्या वर्षी चालत तेलंगणात गेले. टँकर आला की गावातली कुत्रीसुद्धा रांगेत उभी राहत आणि नंबर मोडत नसत. दिवाळी झाल्यावर अर्धं गाव ऊसतोडीला गेलं, पोरंबाळं घेऊन गेलं, आणि आठवीच्या वर्गात सात-आठ डोकी उरली.

त्यात जिल्हा नवा कोरा. लातूर वेगळा निघाला तेव्हा कचेऱ्यांच्या पाट्यांचा रंगसुद्धा वाळला नव्हता. मी एका पाटीला पाठ टेकून उभा राहिलो, तर 'अधिकारी' ही अक्षरं माझ्या सदऱ्यावर उमटली आणि स्टँडपर्यंत जाताना तिघांनी मला नमस्कार घातला. नवा जिल्हा म्हणजे नवे साहेब, आणि नवे साहेब म्हणजे नव्यानं तपासणी. प्रत्येक शाळेचा पट मोजणार, असं ऐकू येत होतं.

त्या दिवशी ठराव झाला तो असा: 'मंडळाच्या ठरावाशिवाय मुख्याध्यापकांनी हजेरीपटावरील एकही नाव कमी करू नये.' सूचक आमचे एक आडत्या संचालक, अनुमोदक खुर्चीत झोपलेले दुसरे एक. लिहिणारा मी. मी संस्थेचा सचिव होतो. इतिवृत्ताच्या वहीत माझं अक्षर मोत्यासारखं पडे, आणि न झालेल्या सभा तर मी झालेल्या सभांपेक्षा रंगवून लिही. घरी गादीवर बसून ठराव लिहायचे आणि वही शिपायाबरोबर घरोघर सह्यांना पाठवायची, अशी आमची पद्धत. कोरम माझ्या दौतीतच असे.

"ठरावाची नक्कल मिळेल का?" हेडमास्तरांनी विचारलं.

मी दिली. त्यांनी ती घडी घातली आणि आठवीच्या हजेरीपटाच्या पहिल्या पानाला टाचणीनं लावली.

दुसऱ्या दिवसापासून ते रोज सगळी नावं घेऊ लागले. मी शेजारच्या ऑफिसच्या खोलीत बसलेला असे, मला भिंतीतून ऐकू येई. एक नाव, मग "हजर सर". पुढचं नाव, मग काही नाही. तेवढ्या वेळात एखादं पोर ओ देऊ शकलं असतं एवढा वेळ ते थांबत. मग पुढचं नाव. कधी सलग सहा नावं कुणी बोलत नसे. रिकाम्या बाकांना एक माणूस नावानं हाका मारतोय आणि प्रत्येकाची वाट बघतोय. मी आडदांड माणूस, स्मशानाच्या वाटेवर शीळ घालत जाणारा. पण त्या थांबण्यांत माझी लेखणी अडायची. पुढंपुढं जमेल तेव्हा मी हजेरी संपल्यावरच शाळेत जाई.

नावं मी इथं लिहीत नाही. ती घरं अजून गावात आहेत. नंबर सांगतो.

एकोणीस नंबर ही मुलगी होती. मजुरी करणाऱ्याची पोर, बारीक, कानात काडी. आदल्या वर्षी झेंडावंदनाला मी पोरांना माझ्या आजोळची विहीर सांगत होतो. सकाळी तिच्यात दगड टाकला तर बुडाल्याचा आवाज संध्याकाळी येई, एवढी खोल. सगळी पोरं तोंड उघडून ऐकत होती. ही उठली आणि म्हणाली, "सर, मग संध्याकाळपर्यंत तिथं थांबलं कोण?"

आयुष्यात मला फार थोड्यांनी असं पकडलं आहे. तेव्हापासून मी फाटकातून आत आलो की ती विचारी, "सर, आज किती खोल?" मी रोज एक आकडा सांगी. तीही हसत नसे, मीही हसत नसे. आमचा तो व्यवहार होता. दिवाळीनंतर तीही आईबापाबरोबर कारखान्याला गेली.

ऊस संपायच्या आतच तिचा बाप परत आला. दुपारच्या सुट्टीत ऑफिसच्या पायरीखाली येऊन उभा राहिला. मी आत वही घेऊन बसलो होतो. हेडमास्तर बाहेर गेले.

"सर, पोरगी गेली," तो म्हणाला. "तिकडंच. ताप आला. चार दिसांत गेली."

हेडमास्तरांनी पायरीवरची धूळ हातानं झटकली. मग म्हणाले, "वर या. बसा."

"बसत न्हाई, सर. एक काम हाय. तिचं नाव काढा." त्यानं टोपी काढून हातात धरली होती. "आमी दोघं रस्त्याच्या कामावर हाव. ह्ये शाळंच्या अंगालाच खडी फोडून राहिलोत. सकाळी तुमी नावं घेता ते तितवर येतं. पोरीचं नाव आलं का तिची माय हातोडा खाली ठिवती आन् शाळंकडं बघत बसती. मला म्हन्ती, थांबा, आता ओ दील."

"काढतो," हेडमास्तर म्हणाले. "थोडे दिवस द्या. मला मंडळाला विचारावं लागतं."

"द्येवाला इचारलं न्हाई कुनी," बाप म्हणाला, आणि टोपी घालून गेला.

त्या दिवसापासून भिंतीपलीकडून अठरा नंबरचं नाव यायचं, मग एका श्वासाएवढं थांबणं, मग वीस नंबरचं. पट मी एकदा उघडून पाहिला. एकोणीसच्या ओळीत रोजच्या चौकटी कोऱ्या होत्या. हजरही नाही, गैरहजरही नाही.

आणि माझ्या हातात हेडमास्तरांचं पत्र पडलं. विशेष सभा बोलवावी. विषय एकच, पटावरून एक नाव कमी करणे. कारण, मृत्यू. खाली सही.

हे पत्र मी न वाचता कोटाच्या खिशात घातलं आणि विसरलो, असं मी गावात सांगत आलो. परटानं कोट धुतला आणि पत्राचा लगदा झाला, हे त्यात मागाहून घातलं. परीट बिचारा आता नाही, नाहीतर त्यानं मला बडवलं असतं. पत्र मी वाचलं होतं. उभ्या उभ्या दोनदा वाचलं. मग पट मागवून बोटं घालून नावं मोजली. एकोणीस धरून आठवीचा पट काठावर बरोबर भरत होता. ती वजा केली की एक कमी. मी पत्राची घडी केली आणि खिशात ठेवली.

हेडमास्तरांनी मला तीनदा विचारलं. पहिल्यांदा स्टँडवर.

"भाऊसाहेब, सभेचं काय?"

"अध्यक्ष लातूरला गेलेत, सर. नवा जिल्हा मांडून देऊन राहिलेत. त्यांच्याशिवाय साहेबांना खुर्ची कुठं ठेवायची कळंना."

ते हसले नाहीत. आठ दिवसांनी शाळेत विचारलं.

"तपासणी होऊन जाऊ द्या की, सर," मी म्हणालो. "एवढी काय घाई?"

"मुलगी गेली आहे, भाऊसाहेब."

"मुलगी गेली. नाव काय मरतंय का?"

हे मी बोललो. तोंडातून पटकन गेलं आणि मला बरंही वाटलं, वाक्य जमल्यासारखं. तिसऱ्यांदा विचारलं ते असं. ऑफिसच्या दारात उभे राहिले, माझ्या कोटाच्या खिशाकडं पाहिलं आणि तासाला निघून गेले. घरी बसून तो ठराव लिहायला मला पाच मिनिटं पुरली असती. सह्या तर लोक वही न उघडता करत.

मग तपासणीचा निरोप आला, आणि अध्यक्षांनी पोरांची सावड केली.

आमच्याकडं एकाचा बैल थकला तर दुसऱ्याचा आणून जोडी करायची आणि नंतर आपला त्याला द्यायचा, ह्याला सावड म्हणतात. तीच पद्धत आम्ही शाळांना लावली होती. गावाच्या पूर्वेला नाला आहे. नाल्याअलीकडं लातूर जिल्हा, पलीकडं नांदेड. पलीकडच्या संस्थेचे अध्यक्ष आमच्या अध्यक्षांचे व्याही. त्यांच्या तपासणीला आमची पोरं नाला ओलांडून जात, आमच्या तपासणीला त्यांची इकडं येत. एका जिल्ह्याच्या साहेबाला दुसऱ्या जिल्ह्याची पोरं ओळखू येत नाहीत. ही युक्ती मला सुचली होती आणि त्याबद्दल मी लग्नाच्या पंगतीत शाबासकी घेतलेली आहे.

सकाळी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून पोरं उतरली. मी फाटकात उभा राहून प्रत्येकाला एक चिठ्ठी दिली. चिठ्ठीवर नंबर आणि नाव. एकोणीसची चिठ्ठी हातात आली तेव्हा समोर जी मुलगी होती तिला दिली. निवडली नाही, समोर आली ती. दोन वेण्या, पायात काही नाही.

तिनं चिठ्ठी वाचली. "आज मी ही का?"

"हाव. नाव घेतलं की उठायचं आणि हजर सर म्हणायचं."

"आन् ही कुठं गेली?"

"कारखान्याला," मी म्हणालो.

अध्यक्षांनी हेडमास्तरांना ही सावड तेव्हाच सांगितली. हेडमास्तरांनी एकदा ट्रॉलीकडं पाहिलं आणि म्हणाले, "मी पटावरची नावं वाचीन. ओ कोण देतं ते मंडळानं बघावं."

साहेब तरुण होते, घाईत होते, अजून दोन गावं करायची होती. पोरं बाकांवर बसली. हेडमास्तरांनी नावं घ्यायची आणि साहेबांनी आपल्या कागदावर खुणा करायच्या, असं ठरलं. मी आणि अध्यक्ष भिंतीला टेकून उभे. बाहेर रस्त्यावर खडी फोडायचं काम चालू होतं. हजार हातोडे होते, असं मी सांगत असे. तीस असतील. पण हजाराचा आवाज होता, आणि त्याची आम्हाला इतकी सवय झाली होती की तो ऐकूच येत नसे.

नावं सुरू झाली. बारीक, सरळ आवाज. एकेक पोर उठत होतं, हजर म्हणत होतं, साहेब खूण करत होते. एकही बाक गप्प नव्हता. इतक्या दिवसांनी त्या वर्गात सगळ्या नावांना ओ मिळत होती. आठवी भरली होती आणि त्यातली आमची पोरं सात-आठच होती.

अठरा झालं. हेडमास्तर एका श्वासाएवढे थांबले, रोज थांबत तसे. मग त्यांनी एकोणीसचं नाव घेतलं. तिचं, बापाचं, आडनाव. आवाज चढवला नाही, उतरवला नाही.

दोन वेण्यांची मुलगी उठली. "हजर सर," ती म्हणाली. स्वच्छ, मोठ्यानं. मीच तिला मोठ्यानं म्हणायला सांगितलं होतं.

बाहेर एक हातोडा थांबला. मग दुसरा. मग सगळे.

साहेबांनी मान वर केली. "काय झालं?"

"जेवायची सुट्टी झाली, साहेब," अध्यक्ष म्हणाले. सकाळचे साडेदहा वाजले होते.

दारात एक बाई येऊन उभी राहिली. कोपरापर्यंत पांढरी, भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या, दगडाच्या पिठानं. मी तिला ओळखली नाही, असंही मी एकदा सांगितलं आहे. ओळखली. ती एकेका ओळीवरून बघत आली. मुलगी अजून उभीच होती, कारण तिला बस म्हणायचं कुणाला सुचलं नव्हतं. बाई तिच्यापर्यंत गेली. हात उचलला, तिच्या वेणीपाशी नेला आणि लावला नाही, बहुतेक धूळ लागेल म्हणून.

"बस, माय," ती म्हणाली. "किती येळ उभी राहशील?"

मुलगी बसली. बाई आली तशी गेली.

"ह्या कोण?" साहेबांनी विचारलं.

अध्यक्ष टोपी काढून ती झटकू लागले. उत्तर हेडमास्तरांनी दिलं.

"पालक आहेत," ते म्हणाले, आणि विसाव्या नंबरचं नाव घेतलं.

आठवी वाचली. नव्या जिल्ह्याचा गोल शिक्का मारलेला कागद आला. पुढं नववी आली, दहावी आली, त्या शाळेतून शिकलेल्या मुली आज तलाठी आहेत, नर्स आहेत, एक तर लातूरच्या कॉलेजात शिकवते. हे मी बढाई म्हणून लिहीत नाही, आणि बढाई काय असते हे मला ठाऊक आहे.

नाव कमी करायचा ठराव पुढच्या सभेत झाला. ती सभा खरोखर झाली, नऊच्या नऊ जण आले. सूचक मी. अध्यक्ष त्या दिवशी ओरडले नाहीत. त्यांनी स्वतः उठून एक खुर्ची हेडमास्तरांकडं सरकवली, चांगली, चार पायांची. हेडमास्तर उभेच राहिले. पुढं ते निवृत्त होईपर्यंत दरवर्षी आठवीच्या हजेरीपटात अठरानंतर एक कोरी ओळ असे आणि मग वीस. मंडळात त्याबद्दल कुणी विचारलं नाही. मीही नाही.

मी माझ्या सगळ्या गोष्टी फुगवल्या. मासे चालवले, कबुतरं उदगीरला नेली. ही गोष्ट फुगवून पाहिली आणि ती फुगत नाही. अलीकडं लातूरला डोळ्यांच्या दवाखान्यात बसलो होतो, बाईनं "नंबर एकोणीस" असं पुकारलं आणि कुणी उठेना. माझा नंबर बावीस होता. मी सगळ्या बाकांवर बघत राहिलो, कोण ओ देतंय म्हणून. बाईनं दुसऱ्यांदा पुकारलं. मी उठलो आणि जिना उतरून रस्त्यावर आलो. डोळे तसेच राहिले. शाळेच्या फाटकातून आत जातानाही मी जरा थांबतो. कुणीतरी मला आज किती खोल ते विचारणार आहे, आणि आकडा तयार नाही, असं वाटतं.

त्या दिवशी साहेबांची जीप गेली, पोरांना बुंदी वाटली. दोन वेण्यांच्या मुलीनं खाल्ली नाही, ओढणीच्या टोकाला बांधून घेतली. ट्रॉलीत चढताना मला म्हणाली, "ती कारखान्याहून आली की सांगा तिला, तिचा बाक लई हालतो. खाली चकती ठिव म्हणा."

ट्रॉली नाल्याकडं गेली. बाहेर हातोडे अजून सुरू झाले नव्हते. मी परत वर्गात गेलो. हेडमास्तर एकटेच होते, वाकून शेवटून तिसऱ्या बाकाच्या पायाखाली खापरीचा तुकडा सरकवत होते. तो तुकडा नीट बसेपर्यंत मी उभा राहिलो. मला कुणीतरी वाटेकरी हवा होता. निम्म्याचा तरी.

"सर," मी म्हणालो, "रोज ते नाव गाळत होता. तुम्हाला ठाऊक होतं ती बाहेर आहे. मग आजच का घेतलं?"

त्यांनी बाक हलवून पाहिला. हलत नव्हता. मग हजेरीपट उचलला, पहिल्या पानावरची टाचणी नीट केली आणि काखेत धरला.

"ठराव झाला नव्हता, भाऊसाहेब," ते म्हणाले.